सहाव्या महिन्यानंतर बाळाला नाचणीचं सत्त्व

180 दिवस पूर्ण झाले, मान सावरली, आधाराने बसता आलं की वरचं अन्न सुरू करायचं. दूध अंगावरचं चालूच.

नाचणी 10-12 तास भिजवा, रोवळीत निथळा, ओल्या पंच्यात बांधून मोड आणा. मग सुकवा, मंद भाजा, दळून वस्त्रगाळ करा. कोकणात खरी अडचण सुकवण्याची. पावसाळ्यात दमट हवेत नाचणीला बुरशी धरते; म्हणून पावसाळ्यापुरतं पीठ मे महिन्यातच करून ठेवलेलं बरं. कुबट वास आला तर सरळ फेका.

दोन चमचे सत्त्व आधी गार पाण्यात कालवा (गरम पाण्यात गुठळ्या होतात), मग कपभर पाण्यात 5-7 मिनिटं ढवळत शिजवा. अर्धा चमचा तूप. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळता नये. पातळ पेजेने पोट भरतं, वजन वाढत नाही.

सुरुवात 2-3 चमचे, हळूहळू अर्धी वाटी. मीठ, साखर बाळ वर्षाचं होईपर्यंत नको. मध तर मुळीच नको, बॉट्युलिझमचा (जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो. नुसत्या नाचणीवर लोह पुरत नाही. डाळ द्या, मुडदुशी मासा उकडून, काटे बोटांनी चाचपून द्या.