गरोदरपणातल्या अतितीव्र उलट्या : घरी काय करायचं, दवाखाना कधी गाठायचा

पाणीही पोटात ठरत नसेल, तर ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून अंगावर काढू नका. गरोदरपणाआधीच्या वजनाच्या ५ टक्के वजन घटणं, म्हणजे ५० किलोच्या बाईचं अडीच किलो, हा आजार आहे.

ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यात कालवा आणि दर पाच मिनिटांनी एक-दोन चमचेच द्या. घटाघट प्यायलं की पोट ताणतं, सगळं बाहेर येतं. फोडणीच्या वासाने मळमळत असेल तर स्वयंपाक घरातल्या दुसऱ्या कुणी करावा. ही मदत खरंच मोठी असते.

मळमळ-उलट्यांवरची डॉक्सिलामाइन-पायरिडॉक्सिनची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या; सहसा रात्री झोपताना सुरू करतात. चावू नका, ती पोटात सावकाश विरघळायची असते. लोहाच्या गोळीने मळमळ वाढते, ती काही दिवस थांबवायची का तेही विचारा. फॉलिक ॲसिड मात्र सोडू नका.

आठ तास लघवी नाही, किंवा ती गडद आहे, चक्कर येते किंवा दिवसभर काहीच टिकत नाही? लगेच दवाखाना. महाराष्ट्रात १०८ला फोन करा, आशाताईंना कळवा. बरेच दिवस उलट्या असतील तर ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) द्याल ना, हे आवर्जून विचारा. ते राहिलं तर मेंदूला इजा होऊ शकते.