अंटार्क्टिकाला निघताना बॅग कशी भरावी

अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री स्थानकावर मी एक हिवाळा काढला, जनरेटर सांभाळायला होतो. आता तिकडच्या मोहिमेसाठी निवड झालेली पोरं फोन करून विचारतात, "काका, थर्मल किती घेऊ?" थर्मलचं नंतर बघू. बॅगेत काय जाता कामा नये, ते आधी बघा.

बुटांपासून सुरुवात करा. तळव्याच्या खाचा दाभणाने कोरा, ब्रशने घासा, कडक उन्हात वाळवा. मग जॅकेटची वेल्क्रो पट्टी उजेडात धरा. माझ्या पट्टीत गवताची तीन कुसळं आणि आघाड्याचं एक बी निघालं, तेही चिमट्यानेच. खिसे उलटे करून झटका. ही उगाचची खटपट नाही. पोआ ॲनुआ हे साधं गवत माणसांबरोबर अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर पोचलं आणि तिथे रुजलं.

माती तर चिमूटभरही नको. आमच्यातल्या एकाने अंगाऱ्याच्या पुडीशेजारी शेतातली माती बांधून घेतली होती. अंगारा गेला, माती घरी राहिली. त्याचे डोळे भरून आले होते. पण अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपण्यासाठीचा 1991 चा माद्रिद प्रोटोकॉल, जो 1998 पासून लागू आहे, निर्जंतुक न केलेली माती नेऊ देत नाही. थर्माकोलचे मणी आणि कीटकनाशकंही त्याच यादीत. म्हणून कॅमेरा टॉवेलात गुंडाळा, आणि झुरळांचा खडू बॅगेत टाकू नका.

हे तपासणार कोण, असं पोरं विचारतात. मैत्री आहे त्या भागावर नॉर्वेचा दावा आहे, पण 1959 च्या अंटार्क्टिक कराराच्या चौथ्या कलमाने सगळे दावे आहेत तिथेच गोठवले. त्यामुळे नॉर्वेचा पोलीस येत नाही. तुमच्यामागे येतो तो आपलाच, 2022 चा भारतीय अंटार्क्टिक कायदा. परवान्यात काय लिहिलंय ते निघण्याआधी नीट वाचा, नुसती सही करून मोकळे होऊ नका.

परतताना शिरमाकर ओॲसिसचा, म्हणजे मैत्रीभोवतीच्या बर्फ नसलेल्या खडकाळ पट्ट्यातला, एखादा सुंदर दगड खिशात टाकावासा वाटेल. टाकू नका. फोटो काढा. पेंग्विन दिसला तर किमान पाच मीटर लांब थांबा, आणि तो चालत असेल तर वाट त्याची.

एक कप्पा रिकामा ठेवा. टॉर्चचे संपलेले सेल तिथे टाकता येत नाहीत, परत आणावेच लागतात. मी टोकांना चिकटपट्टी लावून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचो.