फ्लो लेबलवरून आयपीव्ही ६ चा प्रवाह कसा ओळखावा

एकाच जोडणीची पॅकेट्स (म्हणजे एक प्रवाह) वेगळी काढताना आपण सहसा दोन्ही पत्ते, दोन्ही पोर्ट (पॅकेट कोणत्या प्रोग्रामचे ते सांगणारे क्रमांक) आणि प्रोटोकॉल या पाच गोष्टी पाहतो. आयपीव्ही ६ मध्ये, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉलच्या सहाव्या आवृत्तीत, ही पद्धत अनेकदा अडते, कारण पोर्ट हे एक्स्टेन्शन हेडरांच्या (मुख्य हेडरनंतर येणाऱ्या जादा हेडरांच्या) मागे असू शकतात, पॅकेटचे तुकडे झाल्यास पुढच्या तुकड्यांत ते नसतात आणि आयपीसेक या सुरक्षा प्रोटोकॉलने मजकूर कूटबद्ध केला असेल तर ते दिसतच नाहीत. मुख्य हेडरमधील २० बिटांचे फ्लो लेबल मात्र या तिन्ही परिस्थितींत वाचता येते.

पॅकेट्स पकडून दाखवणारी साधने वापरून, म्हणजे प्रथम टीसीपीडम्प सविस्तर मोडमध्ये चालवून किंवा वायरशार्कमध्ये आयपीव्ही ६ हेडर उलगडून लेबल पाहावे. कच्चे बाइट वाचणेही अवघड नाही. पहिले चार बाइट हेक्साडेसिमलमध्ये ‘६० ०४ ७३ १९’ असे असतील, तर पहिला ६ हा आवृत्तीचा, पुढचे दोन शून्य ट्रॅफिक क्लासचे आणि उरलेले ४७३१९ हे लेबल होय.

आता पॅकेट्सचे गट पाडावेत, पण केवळ लेबलवरून कधीही नाही. हे आकडे प्रत्येक संगणक स्वतःपुरते ठरवतो, त्यामुळे दोन वेगळ्या संगणकांकडून तेच लेबल येऊ शकते. उगमाचा पत्ता, गंतव्याचा पत्ता आणि लेबल हे त्रिकूट मिळूनच प्रवाहाची ओळख ठरते, आणि २०११ च्या आरएफसी ६४३७ या इंटरनेट मानकाचीही हीच भूमिका आहे. लेबल शून्य असेल तर पाठवणाऱ्याने ते दिलेलेच नाही असे समजून जुन्या पाच गोष्टींकडे वळावे. परतीच्या दिशेचे लेबल बहुधा वेगळे असते, म्हणून दोन्ही दिशांची सांगड लेबलवरून घालू नये. लिनक्समध्ये तर पोच न मिळाल्याने टीसीपीला पॅकेट पुन्हा पाठवावे लागले, की त्याच जोडणीचे लेबल बदलू शकते. एका जोडणीच्या जागी दोन प्रवाह मोजले गेल्यासारखे वाटल्यास आधी हे तपासावे.

लेबलचा खरा उपयोग समान खर्चाच्या अनेक मार्गांवर भार वाटताना होतो. बोगद्यात (एका पॅकेटमध्ये दुसरे गुंडाळून पाठवताना) बाहेरच्या हेडरवर पत्ते कायम तेच असतात, त्यामुळे पत्त्यांवरून हॅश (मार्ग निवडण्यासाठी गणिताने काढलेला आकडा) काढणारा राउटर सगळी वाहतूक एकाच लिंकवर ढकलतो. यासाठी बोगद्याच्या प्रवेशद्वाराने आतल्या प्रवाहाचा हॅश बाहेरच्या लेबलमध्ये लिहावा आणि मधल्या राउटरांनी तो हॅशमध्ये धरावा. लिनक्स राउटरचे मूळ हॅश धोरण दोन्ही पत्त्यांसोबत लेबलही धरते. इतर राउटरांवर मात्र ही सोय सुरू आहे का, ते पाहावे लागते. बदल केल्यावर प्रत्येक लिंकचे काउंटर वाचून वाटप खरोखर झाले की नाही याची खात्री करावी.

सुरक्षेचे नियम मात्र लेबलवर बेतू नयेत, कारण त्याला कोणत्याही चेकसमचे (चूक पकडणाऱ्या पडताळणी-आकड्याचे) संरक्षण नसते आणि वाटेतला कुणीही ते गुपचूप बदलू शकतो.