मशीनला बसा म्हणाले तर

"वकीलसाहेब, मी खरा आहे, बसवा मला मशीनवर." फौजदारी वकिलीत हे वाक्य मी बहुतेक वेळा निर्दोष पक्षकारांकडूनच ऐकतो, आणि मला धास्ती त्यांचीच वाटते. चाचणीच्या संमतीवर सही करण्याआधी हे वाचा.

हे मशीन म्हणजे पॉलिग्राफ, लोकांच्या भाषेत खोटं पकडणारं यंत्र. पण ते खोटं पकडत नाही. छाती-पोटाभोवतीच्या नळ्या श्वास मोजतात, दंडावरचा पट्टा रक्तदाब आणि नाडी, बोटांवरच्या पट्ट्या घाम. 1921 साली अमेरिकेत बर्कली पोलिसांतल्या जॉन लार्सनने रक्तदाब आणि श्वास एकत्र कागदावर उतरवले. घामाची नोंद पुढे त्याचा सहकारी लिओनार्ड कीलरने जोडली. यात खोट्याची म्हणून वेगळी खूण कुठेच नाही, आहे ती घालमेल. पोलीस समोर बसल्यावर घालमेल कुणाची होत नाही? उलट सोव्हिएतांना गुपितं विकणारा सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स 1986 आणि 1991 अशा दोन्ही चाचण्यांतून सुटला होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2003 साली एक हिशेब मांडला. 10,000 कर्मचाऱ्यांत 10 हेर आहेत असं धरा. त्यातले 8 सापडावेत इतकी कडक चाचणी घेतली, तर 1,606 जण नापास होतील. म्हणजे 1,598 निरपराध!

आता आपल्याकडचं. सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी सांगितलं की ही चाचणी कुणावरही लादता येत नाही. 'नाही' म्हणायला घाबरू नका. 'हो' म्हणायचं असेल तर ठाण्यात कागदावर सही करून मोकळे होऊ नका. संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, वकील हजर असताना नोंदवली गेली पाहिजे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची 2000 सालची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात आणि सेल्वी निकालाने ती पाळायला सांगितली आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या, दमा, रात्रभराची चौकशी, सगळं नोंदवून घ्या.

"निकाल पुरावा नाही ना, मग बसतो की," असं पक्षकार म्हणतात. निकाल पुरावा नाही, हे खरं. पण स्वेच्छेने दिलेल्या चाचणीतल्या माहितीवरून पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती पुराव्यात येऊ शकते. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 27, आता साक्ष अधिनियमाचं 23.

खरा धोका मात्र नळ्या लावलेल्या असताना नसतो. आधी गप्पांसारखी मुलाखत होते. नंतर आलेख समोर ठेवून कुणी म्हणतं, "मशीन वेगळंच सांगतंय." इथे माणूस खुलासे द्यायला लागतो, वेळा चुकतात, आधीच्या जबाबाशी विसंगती तयार होते. म्हणून विचारलं तेवढंच बोला, आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा, आणि आलेखावर कुठलाही खुलासा वकिलाशी बोलल्याशिवाय देऊ नका. चहा पाजणाऱ्यालाही नाही.