ह एक नाही, दोन आहेत

चाळिशीत मी कुराण पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसलो. लहानपणी घडाघडा म्हणायचो, त्यामुळे वाटलं, थोडी डागडुजी केली की झालं. उस्तादांनी फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, म्हणायला सांगितली आणि 'अल्हम्दु'पाशीच हात वर केला. "हा ह कुठून काढलात?" ह कुठून तरी काढायचा असतो, हेच मला माहीत नव्हतं. पुढचे तीन आठवडे त्या एका शब्दात गेले.

देवनागरीवर पोसलेल्यांची अडचण इथूनच सुरू होते. आपला ह एक, अरबीत दोन. आपण नुसता स लिहितो तिथे अरबीत तीन वेगळी अक्षरं असतात. म्हणून पहिली सूचना: देवनागरीत छापलेल्या पाठावरून पाठांतर करू नका. अर्थ खुशाल मराठीत वाचा, उच्चार मात्र कानानंच घ्या. मी इजिप्तचे कारी (कुराण-पठण करणारे) महमूद खलील अल-हुसरी (१९१७–१९८०) यांचं संथ पठण लावतो, एक आयत (ओळ) ऐकतो, थांबवतो, म्हणतो.

अक्षर जिथून निघतं ती जागा म्हणजे मखरज. पठणशास्त्राचे जुने विद्वान इब्न अल-जजरी (मृत्यू १४२९) यांनी अशा १७ जागा मोजल्या. त्या पाठ करत बसू नका. जागा शोधायची जुनी युक्ती आहे: अक्षराचा पाय मोडा आणि आधी अ लावा. अब्, अक्, अह्. आवाज जिथे येऊन अडतो किंवा घासतो, तोच मखरज.

घशात सहा अक्षरं राहतात, तीन मजल्यांवर. तळाला हमजा (स्वराआधीचा घशातला झटका) आणि हलका ह, मधे ऐन आणि जड ह (उर्दूवाल्यांची 'बडी हे'), वर गैन आणि खे. चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर सोडतो तो हलका ह. आता तीच वाफ सोडताना घसा मधोमध आवळा. कोरडा, घासलेला आवाज आला की जड ह जमला. खरखर आली तर तुम्ही वरच्या मजल्यावर, खे मध्ये पोचलात. परत खाली या. त्याच जागी कंठ थरथरवला की ऐन. गळ्यावर बोट ठेवून बघा, थरथर लागते.

एवढा खटाटोप कशाला? सूरह (अध्याय) कौसरमध्ये 'वन्हर' येतं, जड ह नं: कुर्बानी कर. तिथे हलका ह लावलात तर अर्थ होतो झिडकार. ते क्रियापद कुराणात आहेच, सूरह दुहामध्ये: 'फला तन्हर', मागणाऱ्याला झिडकारू नकोस. 'कुल'चंही तसंच. दोन नुक्त्यांचा (टिंबांचा) काफ जिभेच्या मुळाशी, पडजिभेजवळ उमटला तर 'सांग'. आपला नेहमीचा क लावला तर 'खा'!

मराठी माणसाला एक गोष्ट आयती मिळते आणि तीच नडते. 'जीव'मधला ज म्हणजे थेट अरबी जीम. पण ज़े हे दुसरं अक्षर म्हणताना आपण 'जाळं'मधला ज लावतो. त्यात जीभ आधी टेकते आणि मग सुटते. ज़े मध्ये टेकतच नाही. ताणून बघा: 'जाळं'चा ज ताणता येत नाही, ज़े श्वास संपेपर्यंत मधमाशीसारखा गुणगुणतो. वाव (अरबी व) म्हणताना दात लावू नका, ओठांचा चंबू करा.

जाड अक्षरं सात: खे, साद, ज़ाद, गैन, तोय, काफ, ज़ोय. यात जिभेची मागची बाजू टाळूकडे उचलायची. बरेच जण त्याऐवजी ओठ गोल करतात, ते चुकीचं. 'नस्र' जाड साद नं म्हटलं तर मदत, पातळ सीन नं म्हटलं तर गिधाड-गरुडासारखा पक्षी. 'अल्लाह'मधला लाम (ल) मात्र शेजाऱ्यावर अवलंबून: आधी अ किंवा उ असेल तर जाड, इ असेल तर पातळ. म्हणून 'बिस्मिल्लाह' पातळ.

नून, म्हणजे अरबी न, याच्या नियमांना लोक उगाच घाबरतात. 'कंबर' म्हणताना आपण अनुस्वाराचा म करतोच ना? 'मिन बअदि'चं 'मिम्बअदि' होतं ते तसंच, फक्त नाकात दोन मात्रा थांबायचं. त्याला इकलाब म्हणतात. बाकीचे तीन नियम (इजहार: न स्पष्ट म्हणणं, इदगाम: पुढच्या अक्षरात मिसळणं, इखफा: अर्धवट लपवणं) ऐकून आठवड्याभरात बसतात.

'अहद'वर थांबताना द गिळू नका आणि 'अहदा'ही करू नका. चेंडू टप्पा घेतो तेवढीच उसळी, स्वर नाही. ही उसळी, म्हणजे कलकला, पाच अक्षरांना: काफ, तोय, बे, जीम, दाल.

ज़ाद शेवटी ठेवा. जिभेची कड वरच्या दाढांना लावायची, एका बाजूनं किंवा दोन्ही. ना द, ना ज़. फातिहाच्या शेवटच्या शब्दात तो येतो आणि त्याच्यानंतरचा आ सहा मात्रा ओढावा लागतो, त्यामुळे चूक लपत नाही. परवा मी तिथवर पोचलो तेव्हा उस्तादांनी हात वर केला नाही. नुसती भुवई उचलली.