रात्रीचा बॅकअप का तुटत होता

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद पेढीत हायपर-व्हीवर (एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणारी मायक्रोसॉफ्टची प्रणाली) चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे आभासी संगणकाचा, बॅकअप रात्री वारंवार अयशस्वी होत असे आणि सर्वांचा संशय नव्या डिस्कवर होता. मी मात्र आधी मशीनच्या आत ‘व्हीएसएस-ॲडमिन लिस्ट रायटर्स’ ही रायटर्सची स्थिती दाखवणारी कमांड चालवली, तेव्हा एसक्यूएल रायटर (बॅकअपसाठी डेटाबेस तयार करणारा घटक) ‘टाइम्ड आउट’, म्हणजे वेळेत काम न उरकलेला, दिसला. बॅकअपसाठी स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, घेताना विंडोज डिस्कवरील लेखन जास्तीत जास्त १० सेकंद रोखून धरते. नेमक्या त्याच वेळी डेटाबेसच्या इंडेक्सची (नोंदी पटकन शोधण्यासाठीच्या सूचीची) पुनर्बांधणी लावलेली असल्याने डिस्कला उसंतच मिळत नव्हती. ते काम पहाटेवर ढकलले, रायटरची सर्व्हिस पुन्हा सुरू केली (नुसत्या रीस्टार्टने रायटर सावरतो, मूळ कारण मात्र तसेच राहते) आणि स्थिती ‘स्टेबल’ दिसल्यावरच बॅकअप चालवला. नंतर तो वेगळ्या नेटवर्कवर रिस्टोअर करून खतावणीही उघडून पाहिली.