कडू पानांचं सॅलड आणि घरी घुसळलेलं व्हिनेग्रेट

इटलीच्या ईशान्येला, व्हेनिसच्या आसपास, हिवाळ्यात राडिक्योचा हंगाम असतो. फिल्टर कॉफीत जिचं भाजलेलं मूळ मिसळतात, त्या चिकोरीचाच हा पानांचा प्रकार. किओज्जा गावाच्या नावाचा गोल, जांभळट-लाल गड्डा आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या काही दुकानांत मिळतो. जांभळा कोबी समजून उचलू नका: राडिक्योची पानं पातळ असतात आणि शिरा जाड, पांढऱ्या.

कच्च्या मेथीचा घोळाणा ज्यांना आवडतो, त्यांना हे सॅलड परकं वाटणार नाही. कडूपणा घालवायचा नाही, त्याला मीठ, आंबट, स्निग्ध आणि किंचित गोड अशी सोबत द्यायची.

चौघांसाठी साधारण पाव किलोचा एक गड्डा घ्या. उभे चार भाग करून मधला कठीण दांडा काढा आणि पानं बोटभर रुंद चिरा. बर्फाच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवली की कडूपणा थोडा उतरतो आणि पानं कुरकुरीत होतात. मग पाणी निथळून स्वच्छ पंचात गुंडाळा आणि अगदी कोरडी करा. इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट, कारण ओल्या पानाला तेल धरत नाही, ड्रेसिंग तळाशी जाऊन बसतं.

आता व्हिनेग्रेट, म्हणजे तेल आणि व्हिनेगर घुसळून केलेलं ड्रेसिंग. झाकणाच्या बरणीत एक मोठा चमचा रेड वाइन व्हिनेगर (नसेल तर ॲपल सायडर) आणि पाव छोटा चमचा मीठ घालून हलवा. मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून ते आधी. मग एक छोटा चमचा दिजाँ मोहरी (बाटलीत मिळणारी फ्रेंच पद्धतीची मोहरीची पेस्ट), अर्धा छोटा चमचा मध, थोडी मिरपूड आणि शेवटी तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल. झाकण घट्ट लावून जोरात हलवा. मोहरीमुळे तेल आणि व्हिनेगर काही काळ एकजीव राहतात. बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं स्वस्त पांढरं व्हिनेगर मात्र नको. त्यात नुसता आंबट झणका असतो, चव नसते. ऑलिव्ह तेल स्वतःच कडवट, तिखट असेल तर निम्मं सूर्यफूल तेल घ्या.

चव चमच्याने बघू नका, राडिक्योचं एक पान बुडवून बघा. नुसतं चाखलं तर व्हिनेग्रेट आंबट-खारट लागेल, पानासोबत ते बरोबर बसतं. तरीही कडू वाटलं तर आधी चिमूटभर मीठ वाढवा. मिठाने कडूपणा दबतो. मध ओतत गेलात तर सॅलडची मिठाई होईल.

मूठभर अक्रोड मंद आचेवर कोरडे भाजून जाडसर फोडा. एक पिकलेलं नासपती पातळ कापा. मोठ्या भांड्यात पानं घ्या, निम्मं व्हिनेग्रेट घाला आणि हातानेच हलकं कालवा. प्रत्येक पानाला जेमतेम चकाकी आली पाहिजे; लागलं तरच आणखी घाला. वर नासपती, अक्रोड आणि पार्मेजान चीजचे पातळ काप. हे सगळं वाढायच्या वेळीच करा, कारण दहा-पंधरा मिनिटांत पानं मऊ पडू लागतात.

उरलेलं व्हिनेग्रेट फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. थंडीने तेल गोठलेलं दिसेल. अर्धा तास आधी बाहेर काढून पुन्हा हलवलं की झालं.